डिस्क गेली म्हणायच्या आधी केबल बघा

गेल्या महिन्यात माझी ४ टीबीची डिस्क मधेच अडकायला लागली. मोठी फाइल कॉपीला लावली की सुरुवातीला स्पीड बरा असायचा, मग एकदम शून्य, पंधरा-वीस सेकंद काहीच हलत नाही, फोल्डर उघडत नाही, आणि मग काही झालंच नव्हतं अशा थाटात परत चालू. त्यात सगळे फोटो आणि व्हिडिओ होते त्यामुळे पोटात गोळाच आला. डिस्क जायला आली असं धरूनच चाललो आणि नवीन कोणती घ्यायची, साटाच (डिस्क मदरबोर्डला केबलने जोडायची नेहमीची पद्धत) की एनव्हीएमई (त्याहून वेगवान पद्धत), की सरळ यूएसबीवाली, हे शोधत बसलो. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतोय, कारण बरेच जण बॉक्सवरचा आकडा बघून डिस्क घेतात.

बॉक्सवर '६ गिगाबिट' लिहिलेलं असतं ना, तो डिस्कचा स्पीड नाही, वायरचा आहे. म्हणजे त्या वायरमधून सेकंदाला जास्तीत जास्त तेवढं जाऊ शकतं. त्यातही ६ गिगाबिटचे ७५० एमबी होत नाहीत, ६०० होतात, कारण साटा प्रत्येक ८ बिटांच्या जागी १० बिट पाठवतं. पहिलं साटा १५० एमबीचं, दुसरं ३०० चं, तिसरं ६०० चं. त्याआधीची ती रुंद पट्टीसारखी आयडीई केबल शेवटी शेवटी १३३ पर्यंत पोचली होती.

आता फिरणारी डिस्क घ्या. ७२०० आरपीएमची असेल तर एक फेरी व्हायला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, हवा तो डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, म्हणजे ४ च्या वर गेले, आणि हेड योग्य ट्रॅकवर न्यायला अजून ८-९. एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० वाचनं. इकडेतिकडे पसरलेल्या ४ केबीच्या छोट्या छोट्या फाइल्स असतील तर हिशोब ३०० केबीच्या आसपास येतो. वायर ६०० एमबीची आणि त्यातून जातंय ३०० केबी! सलग मोठी फाइल असेल तर चांगली डिस्क २०० एमबीच्या पुढे जाते, पण तेवढ्याला दुसरं साटा पण पुरतं. म्हणून जुन्या मदरबोर्डवर ३ गिगाबिटचे पोर्ट आहेत म्हणून फिरणारी डिस्क हळू चालेल ही भीती काढून टाका.

एसएसडीचं (फिरणारा भाग नसलेली, चिपवाली डिस्क) मात्र वेगळं, तिथे वायर खरंच आड येते. साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास येऊन थांबते, आतली मेमरी कितीही चांगली असली तरी. एनव्हीएमई साटाची वायरच वापरत नाही, सरळ पीसीआय एक्सप्रेसवर (ग्राफिक्स कार्ड लावतात तो मदरबोर्डवरचा वेगवान मार्ग) बसते, तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर साडेतीन हजार एमबीच्या आसपास आणि चौथ्या पिढीत सात हजाराच्या वर. शिवाय साटामध्ये एकच रांग आणि त्यात ३२ कमांड, एनव्हीएमईमध्ये हजारो रांगा ठेवता येतात. पण खरं सांगायचं तर रोजच्या वापरात, कॉम्प्युटर चालू करणं, ब्राउझर उघडणं यात साटा एसएसडी आणि एनव्हीएमईमधला फरक मला फारसा जाणवत नाही, फिरणाऱ्या डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलं की जो जाणवतो तो जबरदस्त आहे. आणि एक, एम डॉट टू म्हणजे एनव्हीएमई नव्हे. एम डॉट टू हा फक्त आकार आणि कनेक्टर, त्या पट्टीत आतून साटा पण असू शकतं, आणि काही बोर्डांवर तो स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो, त्यामुळे मॅन्युअल आधी वाचा.

आता भरवशाचं, कारण माझा प्रॉब्लेम तिथेच निघाला. आयडीईमध्ये एका केबलवर दोन डिस्क असायच्या, मास्टर आणि स्लेव्ह, एका वेळी एकच बोलणार आणि एक आजारी पडली की दुसरीही अडकणार. ३३ एमबीच्या पुढे जायला त्या केबलमध्ये ४० ऐवजी ८० वायरी घालाव्या लागल्या, जादाच्या ४० नुसत्या ग्राउंडच्या, शेजारच्या वायरींचा एकमेकींना त्रास होऊ नये म्हणून. आणि विंडोज एक्सपीवर केबल खराब असली की एररमुळे सिस्टिम गुपचूप पीआयओ नावाच्या जुन्या, हळू मोडला उतरायची, म्हणजे फार तर १६ एमबी, आणि माणसाला वाटायचं डिस्क म्हातारी झाली. साटाने एका डिस्कला एक केबल दिली आणि हा अर्धा त्रास संपला.

पण केबल खराब होणं संपलं नाही. वायरवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमबरोबर, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्याबरोबर, सीआरसी (गठ्ठा नीट पोचला का ते तपासायचा आकडा) जातो, तो जुळला नाही की फ्रेम परत पाठवायला लागते. म्हणून केबल खराब असली तर बहुतेक वेळा डेटा बिघडत नाही, नुसता वेळ जातो, कॉपी अडकते. माझ्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढला तर ५ नंबर म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य, १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर (संशयित जागा) तेही शून्य, आणि १९९, सीआरसी एरर काउंट, चारशेच्या वर, आणि कॉपी करताना वाढतच होता! डिस्कच्या प्लेटा ठणठणीत, भानगड वाटेत. कॅबिनेट उघडलं तर बाजूच्या पत्र्याने केबल कनेक्टरपाशीच दाबून मोडली होती. क्लिपवाली नवीन केबल लावली, पोर्टही बदलला, तेव्हापासून एकदाही अडकली नाही.

यूएसबीबद्दल मी जरा सावध असतो. मधे एक ब्रिज चिप असते, ती बऱ्याचदा स्मार्टची माहिती नीट पुढे देत नाही, म्हणजे डिस्क आजारी पडतेय ते कळतच नाही. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तर साटा कनेक्टरच नसतो, यूएसबीचा सॉकेट थेट सर्किट बोर्डवर असतो, तो तुटला की डिस्क काढून कॉम्प्युटरला लावायची सोय नाही. ने-आण करायला ठीक, पण एकमेव कॉपी तिथे ठेवू नका. सर्व्हरमधलं सॅस (तिथली डिस्क जोडायची पद्धत) जास्त भरवशाचं आहे, एका डिस्कला दोन वाटा असतात त्यामुळे एक कंट्रोलर गेला तरी दुसऱ्याने पोचता येतं, पण घरच्या बोर्डावर ते लागत नाही.

नवीन डिस्क शेवटी घेतलीच, साधी साटा, फिरणारी, बॅकअपसाठी. जुन्या डिस्कच्या रिपोर्टमधला १९९ चा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही, तो आयुष्यभराचा काउंट आहे, म्हणून बदलली त्या दिवशीचा आकडा कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवलाय. काल परत बघितला, तेवढाच आहे.