बाईंचं ‘पॉसिबल’

शाळेच्या स्मरणिकेत गॅदरिंग, सहल, कबड्डीच्या मॅचेस याबद्दल बाकीचे भरभरून लिहितीलच, म्हणून मी ठरवलं की आपण एकाच शब्दाबद्दल लिहायचं, पॉसिबल. मी बरीच वर्षं बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात डिस्पॅचचं काम बघतो, दिवसभर पुणे, बेंगळूर, कोइम्बतूरच्या पार्ट्यांचे फोन आणि मेल चालू असतात, आणि माल कधी निघणार, आज शक्य आहे का, उद्या शक्य आहे का याशिवाय त्यात दुसरं काही नसतंच म्हणा ना. तो शब्द मला कधी अडला नाही, कारण आठवी ते दहावी आपल्याला इंग्रजीला बाई होत्या.

आपल्याकडं तेव्हा इंग्रजी पाचवीपासून, घरी मराठी, गल्लीत मराठी-कानडी मिक्स, त्यामुळं इंग्रजी बोलायचं म्हणजे आधी मनात मराठी वाक्य जुळवायचं आणि मग एकेक शब्द बदलत जायचं. आणि सुरुवात काहीही असो, तोंडातनं आधी माणूसच निघायचा, ‘आय’ नाहीतर ‘यू’. आय ॲम नॉट पॉसिबल टुमारो. आर यू कन्व्हिनियंट ॲट फाइव्ह? यू आर नेसेसरी टू साइन हिअर. अजूनही खडेबाजारात, बँकेत, कोर्टाच्या आवारात ही वाक्यं रोज ऐकायला मिळतात, समोरच्याला कळतं, काम होऊन जातं. पण बाईंच्या तासाला असलं वाक्य पुढं सरकायचं नाही.

एकदा त्यांनी फळ्यावर एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या. मला शक्य नाही. ननगे साध्य इल्ल. इट इज नॉट पॉसिबल फॉर मी. कानडी ओळ त्यांनी देवनागरीतच लिहिली होती आणि ज्याच्या घरी कानडी बोलतात त्या आपल्या वर्गातल्या मुलाला मोठ्यानं वाचायला लावली. मग म्हणाल्या, "मी शक्य नाही असं मराठीत कोण म्हणतं का रे? कानडीत कोण म्हणतं? मग इंग्रजीत गेल्यावर हा मी कुठनं आला?" सगळा वर्ग गप्प. मग ‘मला’, ‘ननगे’ आणि ‘फॉर मी’ या तिघांभोवती त्यांनी गोल केला. शक्य असतं ते काम, माणूस नव्हे. कन्व्हिनियंट असते ती वेळ, नेसेसरी असते ती सही. माणसाचा नंबर नंतर, ‘फॉर’ लावून. इज फाइव्ह ओक्लॉक कन्व्हिनियंट फॉर यू? एवढंच.

पण खरी मजा पुढं आहे. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, बाई, मग मला भूक लागली याचं काय, तिथंही मलाच आहे की, आणि आपण तर आय ॲम हंग्री म्हणतो. बाईंना एवढा आनंद झाला की खडू खाली ठेवून त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि त्या एका प्रश्नावर उरलेला तास गेला. मराठीत भूक लागते ती मला, भीती वाटते ती मला, आनंद होतो तोही मला आणि शक्य नसतं तेही मलाच. इंग्रजी इथं दोन वाटा करतं. माणसाच्या आत जे होतं त्याला आय, म्हणजे आय ॲम हंग्री, आय ॲम अफ्रेड, आय ॲम हॅपी. आणि बाहेरची परिस्थिती असेल, काम, वेळ, अडचण, तर इट. आपली गडबड नेमकी या ठिकाणी होते कारण आपल्या भाषेत दोन्हीकडं एकच ‘मला’ आहे. इतक्या वर्षांत व्याकरणाची पुस्तकं मी बरीच चाळली, पण हे इतकं सरळ सांगितलेलं मला तरी कुठं सापडलं नाही.

डिफिकल्टचं त्यांनी वेगळं समजावलं, कारण तिथं वाक्य चुकत नाही, अर्थच उलटा होतो. मला इंग्रजी समजायला अवघड जातं म्हणून कुणी आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड म्हणालं तर ऐकणारा समजतो की या माणसाचं बोलणं कुणाला कळत नाही. इम्पॉसिबलचंही तसंच, ही इज इम्पॉसिबल टू कन्व्हिन्स हे वाक्य एकदम बरोबर, त्याला पटवणं अशक्य. नुसतं ही इज इम्पॉसिबल म्हटलं तरी चालतं, म्हणजे या माणसापुढं हात टेकले. पण ही इज पॉसिबल टू कन्व्हिन्स मात्र चालत नाही, तिथं इट इज पॉसिबल टू कन्व्हिन्स हिम. सख्खे भाऊ असून वागणूक वेगळी.

आणि लाइकली. खानापूरकडनं येणारी मुलं पावसाळ्यात रोज उशिरा यायची, त्यावरनं बाईंनी उदाहरण घेतलं होतं. द बस इज पॉसिबल टू बी लेट नाही. इट इज पॉसिबल दॅट द बस विल बी लेट, उशीर होऊही शकतो. द बस इज लाइकली टू बी लेट, बहुतेक होणारच. लाइकलीला बस चालते, माणूसही चालतो. हा फरक मी रोज वापरतो, पार्टीला माल शुक्रवारी निघणं पॉसिबल आहे म्हणून सांगणं वेगळं आणि लाइकली आहे म्हणून सांगणं वेगळं, लाइकली म्हटलं की त्यावर समोरचा माणूस स्वतःच्या मशीनचं नियोजन करतो.

अजून एक, पॉसिबल वापरलाच पाहिजे असा बाईंचा हट्ट कधी नव्हता. आय कान्ट कम टुमारो, सुटसुटीत, मित्राला हेच बोला म्हणायच्या. अर्ज लिहायचा असेल तर इट विल नॉट बी पॉसिबल फॉर मी टू अटेंड. कुणाकडनं काम करून घ्यायचं तर वाक्याच्या सुरुवातीला इफ पॉसिबल, आणि पुढं तारीख. ॲज सून ॲज पॉसिबल लिहून सोडून देऊ नका, त्यात घाई दिसते पण दिवस कळत नाही, हे त्यांचं म्हणणं आज ऑफिसात नवीन लागलेल्या पोरांना मी तसंच्या तसं सांगतो. येळ्ळूर, खानापूर, निपाणीकडची हुशार पोरं असतात, मशीन ड्रॉइंग झटकन वाचतात, पण मेल लिहायला बसवलं की हात थांबतो. हे मला फार लागतं. दहावीला ६२५ पैकी चांगले मार्क काढून आलेली पोरं आहेत ही, कमी आहे ती रोजच्या साध्या वाक्यांच्या सरावाची, आणि तो पाठांतरानं होत नाही, कुणीतरी समोर उभं राहून ‘हा मी कुठनं आला’ विचारावं लागतं.

म्हणून शाळेला एक विनंती. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा दहावीच्या वर्गाचा एक तास मला द्या, मी दर आठवड्याला यायला तयार आहे. पुस्तकातलं काही शिकवणार नाही. मुलांनी त्या आठवड्यात घरी, दुकानात, बसमध्ये जे मराठीत किंवा कानडीत बोललं तीच वाक्यं घ्यायची, फळ्यावर लिहायची आणि त्यातला ‘मला’ कुठं जातो ते बघायचं. हेडसरांशी फोनवर बोलणं झालंय, जूनपासून सुरू करायला त्यांची हरकत नाही. आपल्या बॅचचं अजून कोण येणार असेल तर ग्रुपवर सांगा.