आपोआप बंद पडणारा संगणक
आमचा १० वर्षे जुना संगणक जड काम सुरू करताच आपोआप बंद पडू लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने थेट मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड) बदलण्याचा सल्ला दिला. परंतु एवढा खर्च करण्यापूर्वी मी स्वतः तपासणी करण्याचे ठरवले. रॅमच्या पट्ट्यांची सोनेरी टोके खोडरबराने पुसली आणि एका वेळी एकच पट्टी लावून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवली, तरी एकही चूक आढळली नाही. मग मल्टिमीटरने एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, १२ व्होल्टचा पुरवठा मोजला. तो किमान ११.४ व्होल्ट असावा लागतो. येथे मात्र भार वाढताच तो १०.८ पर्यंत घसरत होता. पुण्याच्या तापकीर गल्लीत वापरलेला एसएमपीएस निम्म्या किमतीत मिळत होता, पण उष्णतेने त्यातील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) हळूहळू निकामी होत असल्याने हा एक भाग मी कधीही जुना घेत नाही (रॅम बिनदिक्कत घेतो). म्हणून एसएमपीएस नवाच घेतला. मदरबोर्ड अजून तोच आहे.