घरच्या रेकॉर्डिंगसाठी स्वस्तातला प्रोसेसर : शेवटी आय३-१२१०० घेतला, आत्तापर्यंतचा अनुभव

मंडळी, मागे म्हटलं होतं की नवीन पीसी जुळवला की सविस्तर लिहीन, तर लिहितोय. आमच्याकडे रेकॉर्डिंग म्हणजे बाबांचे अभंग, पेटी, मिरजेहून आणलेला तानपुरा, शेजारच्या काकांचा पखवाज आणि टाळ. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आहे, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, आणि आजवर हे सगळं चालायचं २०१५ च्या एका लॅपटॉपवर, आय५-५२००यू, नावाला आय५ पण आत कोअर दोनच.

त्रास काय होता ते आधी सांगतो. बाबांना हेडफोनमध्ये थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लागतो, त्याशिवाय त्यांचा सूर मोकळा लागत नाही. आता तो रिव्हर्ब प्लगइनचा (रीपरमध्ये चालणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) म्हणजे आवाज माइकमधून कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत यायला हवा, आणि लॅपटॉपवर बफर (एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल, म्हणजे तुकडे, हाताळायचे तो आकडा) ५१२ च्या खाली आणला की कडकड सुरू. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे १०.७ मिलिसेकंद, तेही एका बाजूचे, जाऊन-येऊन २१ च्या वर. हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे बाबा स्वतःचाच आवाज सात मीटरवरनं आल्यासारखा ऐकत होते. "माझा आवाज मागनं येतोय रे" म्हणायचे, आणि मग हेडफोनचा एक कान मागे सरकवून गायचे, त्यातून तानपुरा बाहेर गळायचा आणि माइकमध्ये जायचा. प्रत्येक टेकमध्ये तो गळलेला तानपुरा आहे, काढता येत नाही.

प्रोसेसर निवडताना महिनाभर वाचत होतो. सुरुवातीला मीपण कोअरच मोजत होतो, जितके जास्त तितकं चांगलं. पण एका ट्रॅकवर ईक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा), मग कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा), मग रिव्हर्ब असे ओळीने लावले की पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवातच करता येत नाही, त्यामुळे ती साखळी सहसा एकाच कोअरवर पळते. शिवाय रीपर आधी रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकचं काम पुढचं पुढचं करून ठेवतो, पण जो ट्रॅक रेकॉर्डला लावलाय त्याचं तसं करता येत नाही, कारण बाबा पुढची ओळ अजून गायलेच नाहीयेत. तो ट्रॅक दर बफरला वेळेत पूर्ण व्हायलाच हवा. १२८ ला म्हणजे २.७ मिलिसेकंदांत. तिथे बाकीचे कोअर रिकामे असून उपयोग नाही, एका कोअरचा वेग लागतो.

हे डोक्यात बसल्यावर यादी लहान झाली. रायझन ५ ५६०० आवडला होता, सहा कोअर, ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), पण त्यात ग्राफिक्स नाही म्हणजे वेगळं कार्ड आलं, त्याचा खर्च, त्याचा पंखा, आणि माइक त्याच खोलीत. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे पण कॅश निम्मी, १६ एमबी. मग इंटेलमध्ये आय३-१२१०० आणि आय५-१२४००. एकात चार कोअर, दुसऱ्यात सहा, पण कोअर एकाच जातीचे, आणि टर्बो, म्हणजे कमाल वेग, बघा, ४.३ आणि ४.४ गिगाहर्ट्झ! म्हणजे लाइव्ह माइकच्या साखळीला दोघांत जवळपास फरक नाही. फरक पडणार मिक्सिंगला, वीस-तीस ट्रॅक झाल्यावर, आणि तेव्हा मी बफर १०२४ करू शकतो, कोणी गात नसतं. म्हणून आय३. वाचलेल्या पैशात रॅम १६ जीबी आणि एनव्हीएमई एसएसडी बसली. तुम्ही मोठी सॅम्पल लायब्ररी किंवा भरपूर सिंथ (सॉफ्टवेअरमधली वाद्यं) वापरत असाल तर मात्र सरळ १२४०० घ्या, तिथे ते दोन कोअर खरंच कामाला येतात.

खरेदीला डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. एका दुकानात आधी १२१००एफ काढून दिला, दोनशे-तीनशे रुपये कमी होते म्हणून मी घेतही होतो, पण खोक्यावरचा एफ दिसला. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, मॉनिटर लावायला कार्ड लागणार. घेताना तेवढं एक अक्षर नीट वाचा.

जुळवणी एका दुपारी झाली. आणि संध्याकाळी पहिल्याच टेकला परत कडकड! दर आठ-दहा सेकंदांनी एक टिक. मला खरंच वाईट वाटलं, वाटलं चुकला निर्णय. पण रीपरचा परफॉर्मन्स मीटर उघडला तर सीपीयू १५ टक्क्यांच्या खालीच, म्हणजे प्रोसेसर दमलेला नव्हता. मग लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर अडथळा आणतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवून ठेवला, त्यात नेटवर्क ड्रायव्हर लाल दिसला. स्वस्तातला यूएसबी वायफाय डोंगल होता, तो उपटला आणि टिक बंद. दोन दिवस शोधत होतो, कारण निघालं एवढंसं. पॉवर प्लॅन पण हाय परफॉर्मन्सला टाकलाय. कडकड आली की आधी हे बघा, मग प्रोसेसरला दोष द्या.

आत्ताची स्थिती सांगतो. बफर १२८, बाबांच्या ट्रॅकवर ईक्यू, कंप्रेसर, रिव्हर्ब तिन्ही लाइव्ह, मागे पेटी, तानपुरा, पखवाजाच्या दोन्ही बाजू, टाळ आणि कोरसचे चार थर, एक टिक नाही. जाऊन-येऊन साधारण ९ मिलिसेकंद दाखवतोय. ६४ ला पण चालतं पण कोरसवर दुसरा रिव्हर्ब टाकला की तुटतं, म्हणून तिथे हट्ट केला नाही. मागच्या रविवारी बाबांनी दोन्ही कान झाकून पूर्ण अभंग म्हटला, शेवटच्या चरणाला डोळे मिटलेले होते, मी मीटरकडे बघायचंच विसरलो. टेक सोलो करून, म्हणजे बाकीचे ट्रॅक बंद करून, ऐकला, मागे तानपुरा अजिबात नाही.

एक राहिलंय, सोबत आलेला पंखा. आळापाच्या शांत जागी बारीक घूं ऐकू येते, कॅबिनेट टेबलाखालून काढून दाराबाहेर ठेवायचं आहे, त्यासाठी पाच मीटरची यूएसबी वायर मागवली आहे. इंटरफेस एवढ्या लांब वायरवर नीट चालतो का, कोणी वापरलं असेल तर सांगा, नाहीतर पंखाच बदलतो.