एकच पिक्चर सांगा म्हणाला भाचा

मे महिन्यात भाचा पुण्याहून सुट्टीला आलेला, रात्री जेवणं झाल्यावर गच्चीत भडंग खात बसलो होतो आणि तो म्हणाला, "मामा, जब्बार पटेलांचा एकच पिक्चर बघायचा असेल तर कुठला बघू?" हॉस्टेलवर कुणीतरी नाव घेतलं होतं म्हणे. मी तोंड उघडलं आणि मला एक नावच सांगता येईना. सामना म्हणावं तर उंबरठा राहतो, उंबरठा म्हणावं तर जैत रे जैत राहतो, आणि ते तिन्ही बघितले तर हे एकाच माणसानं काढलेत असं कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. म्हटलं, एक नाही, तू आठवडाभर आहेस ना, मग रोज एक बघू.

पहिल्या रात्री सामना. हा मी पाच-सहा वेळा बघितलाय, पहिल्यांदा लहानपणी दूरदर्शनवर, आण्णांच्या शेजारी बसून. आण्णा म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते, सगळी हयात उसाच्या गाड्या मोजण्यात गेली. पिक्चरमध्ये निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील, गावावर, कारखान्यावर सगळीकडं त्याचा शब्द, आणि त्या गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो तो श्रीराम लागू, आणि तो एकच प्रश्न धरून बसतो की मारुती कांबळेचं काय झालं. आमच्याकडं तो प्रश्न अजून म्हणीसारखा वापरतात, ज्यांनी पिक्चर बघितला नाही ती माणसंसुद्धा. आण्णा त्या दिवशी एक शब्द बोलले नव्हते. संपल्यावर उठले आणि पाणी प्यायला आत गेले एवढंच मला आठवतंय.

भाच्याला एक गोष्ट सांगितली ती त्याला लई आवडली. या पिक्चरमध्ये तीन डॉक्टर आहेत. लागू कान-नाक-घशाचे, आणि जन्मानं साताऱ्याचे बरं का. मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. आणि दिग्दर्शक लहान मुलांचे डॉक्टर, जन्म पंढरपूरचा, पुण्यात बीजे मेडिकलला शिकले, दौंडला दवाखाना चालवला. मला नेहमी वाटतं की त्यांच्या पिक्चरचं कोडं तिथंच सुटतं. लहान मुलाला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही, ते नुसतं रडतं, डॉक्टरनं बघून, हात लावून ओळखायचं असतं, आणि प्रत्येक पोर वेगळं. एका पोराचं औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही. हा माणूस प्रत्येक विषयाकडं तसा जातो, आधीचा पिक्चर गाजला म्हणून तीच चाल पुढं ओढत नाही. सामना १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आला, दुसरा कुणी असता तर पुढची दहा वर्षं पाटील आणि साखर कारखानेच काढत बसला असता.

यांनी काय केलं तर गेले ठाकर आदिवासींच्या डोंगरात. जैत रे जैत, १९७७, गो. नी. दांडेकरांची कादंबरी. सामनात नुसती बोलाचाली, विजय तेंडुलकरांचे संवाद, एकेक वाक्य चाकूसारखं, आणि इथं गाणी, ढोल, पाऊस, मधमाश्या, माणसं बोलण्यापेक्षा गातातच जास्त. नाग्याचा डोळा राणीमाशीच्या दंशानं जातो आणि तो लिंगोबाच्या डोंगरावरची मधाची पोळी उतरवायचीच म्हणून पेटतो, चिंधी त्याच्याबरोबर उभी राहते, ती स्मिता पाटील. शेवटी तो जिंकतो पण चिंधी उरत नाही. भाचा बराच वेळ गप्प होता मग म्हणाला, मामा हा तर गाण्यांचाच पिक्चर आहे की. आहेच. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत. आता हे सांगताना मला सांगलीकर म्हणून भारी वाटतं कारण हृदयनाथ मंगेशकरांचा जन्म आमच्या सांगलीतला, आशाताईंचापण. नभं उतरू आलं ऐकताना मी दरवेळी ते डोक्यात ठेवून ऐकतो.

मग सिंहासन. १९७९, ब्लॅक अँड व्हाइट. इथं डोंगर नाही, पाऊस नाही, आहेत त्या खोल्या, फोन, मंत्र्यांचे बंगले, मुंबईच्या चाळी आणि रस्ते. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरनं तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्याची खुर्ची ओढायला टपलेला अर्थमंत्री म्हणजे परत लागू. आणि निळू फुले कोण तर पत्रकार दिगू टिपणीस! चार वर्षांपूर्वी ज्याच्या नुसत्या बघण्यानं गाव घाबरत होतं तोच माणूस इथं खांद्याला झोळी लावून सगळं बघतोय, सगळं त्याला कळतंय आणि करता काहीच येत नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. महाराष्ट्राला निळूभाऊ म्हणजे व्हिलन एवढंच माहीत होतं, त्यांच्यात हा असा माणूससुद्धा आहे हे ओळखायला नजर लागते. भाचा म्हणाला आजच्या बातम्याच आहेत या. मी म्हटलं आता झोप.

उंबरठा आईसोबत बघितला. आईनंच सांगितलं मला हाक मारा म्हणून. १९८२ चा, शांता निसळांच्या बेघर कादंबरीवरचा, परत स्मिता पाटील पण चिंधीची सावलीसुद्धा नाही तिच्यात. सुलभा महाजन, शिकलेली, चांगल्या घरातली सून, नवरा वकील, तो गिरीश कर्नाड. ती घर आणि लहान मुलगी सोडून महिलाश्रमाची नोकरी करायला जाते. मला हा त्यांचा सगळ्यात मोठा पिक्चर वाटतो आणि यावर मी कुणाशीपण भांडायला तयार आहे. कारण यात वाईट माणूस शोधून सापडत नाही. नवरा मारत नाही, ओरडत नाही, सासू छळत नाही, जाऊ तर पोरीला पोटच्यासारखी सांभाळते, आणि तरीपण त्या घरात सुलभाला जागा राहत नाही. परत येते तेव्हा नवरा किती शांतपणे सांगतो की मधल्या काळात दुसरी बाई आली आयुष्यात. ती शांतता सहन होत नाही मला. सुन्या सुन्या मैफिलीत लागलं तेव्हा आईनं पदर डोळ्याला लावला, आणि पिक्चर संपल्यावर म्हणाली, "ती गेली ते बरं केलं." माझी आई, जिनं पंचेचाळीस वर्षांत माहेरीसुद्धा चार दिवसांच्या वर मुक्काम केला नाही.

एक होता विदूषकची मात्र मला हळहळ वाटते. पु. ल. देशपांड्यांची पटकथा, आणि हिरो लक्ष्मीकांत बेर्डे. १९९२-९३ ला आम्ही शाळेतली पोरं हसायला म्हणून थेटरात गेलेलो, सगळं थेटरच हसायला आलेलं, आणि पडद्यावर तमाशातला एक सोंगाड्या सिनेमाचा स्टार होतो, मग राजकारणात वापरला जातो आणि आतनं रिकामा होत जातो. इंटरव्हलला माणसं उठून गेली. लक्ष्यानं त्यात जे काम केलंय ते आपण तेव्हा बघितलंच नाही, आणि तो माणूस २००४ ला गेला. भाच्यानं दोनदा बघितला, दुसऱ्यांदा एकट्यानं.

मुक्ता राहिला, वेळच मिळाला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बघितला तो इंग्रजीतच. मामूटींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला यासाठी. मल्याळी नट बाबासाहेब कसा होणार असं लोक म्हणायचे, पण चवदार तळ्याचा प्रसंग बघा, ते पाणी ओंजळीत घेतलं की भाषा कुठली हे लक्षातपण राहत नाही. आमच्याकडच्या पोरांना मी हेपण सांगतो की बाबासाहेबांचं शाळेत नाव घातलं ते साताऱ्यात, ७ नोव्हेंबर १९०० ला.

यशवंतराव चव्हाण आमच्या घरचाच विषय. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आमच्यापासून गाडीवर तासा-दीड तासाचा रस्ता. २०१४ ला पिक्चर आला तेव्हा आण्णांना घेऊन गेलो होतो, ते खूश होते, मी तेवढा नव्हतो. प्रेमानं काढलाय पण आदर इतका की यशवंतरावांना कुणी प्रश्नच विचारत नाही. ज्या दिग्दर्शकाचा मास्तर हिंदुरावासमोर उभा राहून एकच प्रश्न विचारत राहिला, त्याच्याकडून मला इथंपण एक मास्तर पाहिजे होता.

पुण्याला जायच्या आदल्या रात्री भाचा म्हणाला, सामना परत लावू, आजोबांनापण बसवू. आण्णा आता ऐंशीच्या पुढं गेलेत, ऐकायला कमी येतं, आवाज मोठा केला. खुर्चीत हलले नाहीत शेवटपर्यंत. मी लॅपटॉप बंद करायला लागलो तर भाच्यानं सरळ विचारलं, "आजोबा, तुमच्या कारखान्यावर होता का कुणी मारुती कांबळे?" मला वाटलं उठून पाणी प्यायला जातील.

"मारला न्हाई कुणी," आण्णा म्हणाले. "एक होता. सभंत उठला आणि काट्याचं विचारलं त्यानं. वजन कमी का भरतंय म्हणून. मी तिथंच मागं उभा होतो, मला माहीत होतं का भरतंय ते."

मग बराच वेळ काही नाही.

"त्या वर्षी त्याच्या उसाला तोड मिळाली न्हाई. सगळ्यांची रानं मोकळी झाली, त्याचा तेवढा उभा. मी रोज सायकलवरनं त्याच रस्त्यानं जायचो. तुरं आलं उसाला, वाळला, तरी उभाच."