आठ पदरांची गाठ

मार्चमध्ये आम्ही चौघं अंदमानला मासे धरायला चाललोय, हे घरात सांगितलं तेव्हा आजीनं आधी माझ्याकडं आणि मग आईकडं बघितलं. "काळ्या पाण्यावर? काय केलंय ह्यानं?"

मराठी घरात अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, दुसरं काही नाही. त्यात आम्ही बेळगावचे. सावरकरांना १९५० साली काही महिने ठेवलं होतं ते आमच्याच हिंडलग्याच्या तुरुंगात. तिकडून सुटलेलं माणूस इकडं आणलं होतं, आता इकडचं एक तिकडं जाऊन येऊ दे की, असं म्हणून बघितलं. आजी हसली नाही.

खरं तर आमची मासेमारी म्हणजे रविवारची दुपार आणि मार्कंडेय नदीचा काठ. काठी, नायलॉनची दोरी, कणकेची गोळी नाहीतर गांडूळ. लागला तर शिंगाळा, नशीब जोरात असलं तर मरळ, आणि बहुतेक वेळा कुणाची तरी चप्पल. पण ही मार्कंडेय पुढं घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. चोर्ल्याचा घाट उतरला की गोव्याचा समुद्र, इतका जवळ. तरी आमच्या नदीनं त्याला पाठ दाखवलेली. मग मी तिच्या मागनं गेलो तर बिघडलं कुठं?

तिकडं दिवसाच्या भाड्यानं नाव मिळते, सोबत तांडेल. आम्हाला हवा तो मासा जायंट ट्रेव्हली, हौशी लोकांच्या भाषेत 'जीटी'. पन्नास किलोच्या वरही जातो. तो गांडुळाला भुलत नाही. पाण्यावर आपटत, फवारे उडवत जाणारा लाकडी पॉपर, म्हणजे खोटा मासा, फेकायचा आणि ओढायचा, दिवसभर. १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत तिकडं मासेमारीची बंदी असते, म्हणून मार्च.

तयारीची यादी मोठी आहे, पण बरीचशी कंटाळवाणी. लांब बाह्यांचे शर्ट, पाण्यावरची चमक मारणारा चष्मा, हातमोजे. काठ्या विमानातून न्यायला हार्डवेअरच्या दुकानातून सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप आणि दोन टोपणं आणली, तर आईनं विचारलं, "मोरी फोडणार काय आता?" गळांचे काटे पक्कडीनं दाबून सपाट केले, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. आजीच्या कानावर नेमकं हेच गेलं. एवढे पैसे घालून, विमानानं जाऊन, मासा धरायचा आणि परत सोडायचा! त्या दिवशी तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

बोट लागण्याची मला धास्ती. गोळी बोट हलायच्या आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. परीक्षा म्हणून एका शनिवारी गोळी घेतली आणि बसच्या शेवटच्या बाकावर बसून चोर्ल्यातनं साखळीपर्यंत जाऊन आलो. पास झालो. पण घाटाला शेवट असतो, आणि ड्रायव्हरला दया आली तर तो थांबतो. समुद्राचं काय? तिकडची मंडळी म्हणतात, क्षितिजाकडं बघत राहा. आणि नावेवर केळी आणू नका म्हणतात! जगभरच्या गळवाल्यांचा समज आहे, केळी असली की मासा लागत नाही. आमच्याकडं केळीशिवाय सत्यनारायण होत नाही. मी दशम्या आणि शेंगांची चटणी नेणार आहे, त्यांच्याबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही.

खरा घोळ घातला तो गाठीनं. मुख्य दोरी आठ पदरांची विणलेली, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडी जाड, तुटायला पस्तीस-चाळीस किलोचा ओढा लागतो. तिच्या टोकाला जाड नायलॉनचा लीडर जोडायचा, कारण खडकावर विणलेली दोरी टिकत नाही. या जोडाला 'एफजी नॉट' म्हणतात. म्हणायला गाठ, पण नायलॉनला गाठ मारायचीच नाही. विणलेली दोरी त्याच्यावर एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, वीसेक वेळा गुंडाळत जायची. ओढ पडेल तशी ती आवळत जाते. मी खिडकीच्या गजाला टोक बांधून आठवडाभर गुंडाळत होतो. रोज घट्ट वाटायची, ओढली की सुळकन सुटायची.

आम्ही वडगावात राहतो. समोर मामांचे माग. आता दोनच चालू आहेत, पण खटखट ऐकू आली नाही तर आम्हाला दुपारची झोप लागत नाही. ते एकदा चहाला आले आणि उभे राहून माझं बघत बसले.

"काय करालास रे?"

सांगितलं. त्यांनी दोरीचं टोक घेतलं, नखानं उकललं, मोजलं. "आठ हाईत. वीण बरी हाय." मग खाली मांडी घातली, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं, दुसरं दातात धरलं. "तू ताण सोडालास. पदर बदलताना ताण सोडला की गेलं. मागावर पण तसंच." उभे-आडवे धागे जोडण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली आहेत. मोबाइलवरचा जपानी माणूस जे दहा मिनिटं समजावत होता, ते यांनी दोन मिनिटांत, चहा निवायच्या आत केलं. शेवटी थुंकी लावून आवळलं. जपानीही तेच सांगतो. कोरडी आवळली तर घासून तापते आणि दोरी कच्ची होते.

मग गच्ची. रिळाचा ब्रेक, म्हणजे माशानं किती जोर लावला की दोरी सुटू द्यायची ते, दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लावायचा असतो, म्हणजे बारा किलोला थोडं कमी. दहा लिटरची बादली भरली, कडीला लीडर बांधला, अंगणात ठेवली आणि वरून काठीनं उचलायला लागलो. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं बादली हिंदकळली की खालून आईचा आवाज. चार फूट वर आली. मामा खाली उभे, बादलीकडं नाही, गाठीकडं बघत. पाचव्या फुटाला कडी निसटली आणि सगळं पाणी त्यांच्या धोतरावर.

त्यांनी लीडर हातात घेतला, गाठ उन्हात धरून बघितली. हलली नव्हती.

"मासा सोडणार म्हणालास न्हवं?"

"हो मामा."

"सोड की. पण ही गाठ तेवढी कापून परत आण. किती घसरली बघायची हाय मला."