मोठा ब्लोअर, बंद दार

जानेवारीत ग्वाल्हेरमधल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं गच्च बंद असतात. मागचं दार लावलेलं, खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे. हूड-डक्टच्या, म्हणजे चुलीवरचा धूर ओढून ब्लोअरने (मोठ्या पंख्याने) बाहेर फेकायच्या कामाचे फोन आम्हाला येतात ते उन्हाळ्यात. म्हणून लष्कर भागातल्या एका मालकांचा ऐन थंडीत फोन आला तेव्हा नवल वाटलं. "आत्ताच दीडपट मोठा ब्लोअर बसवलाय हो, आणि पोरांची डोकी आधीपेक्षा जास्त दुखतायत. माल खराब दिलाय का ते बघा."

माल उत्तम होता. हूडखाली कागद धरला की फिल्टरला जाऊन चिकटत होता. फोडणीचा ठसकाही जाणवत नव्हता. पण मागचं दार बाहेर उघडणारं, आणि ते मला खांदा लावून ढकलावं लागलं. तिथेच निम्मं काम कळलं. हवा बाहेर फेकायची सोय भरपूर, आत यायला वाट कुठेच नाही. ब्लोअर विकणारे सीएफएम सांगतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा फेकणार ते. तेवढी हवा आत येणार कुठून, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

तंदूर स्वयंपाकघराला जोडलेल्या मागच्या बंदिस्त बोळात, त्याला विटांची स्वतंत्र चिमणी. तिच्या तोंडाशी अगरबत्ती धरली. धूर वर जायला हवा. तो वळून सरळ माझ्या तोंडावर आला. स्वयंपाकघर आपली हवा चिमणीतून खाली ओढत होतं आणि तिच्याबरोबर कोळशाचा वायूही. पेटलेल्या कोळशाला धूर नसल्यातच जमा, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू; त्याला रंग नाही, वास नाही.

या वायूचा मीटर हूडखाली १८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १८ भाग) दाखवत होता, तंदूरपाशी ११०. बोळाच्या टोकाला गोणीवर बसून एक पोरगा कांदे सोलत होता, तिथे १६०. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस पाळीच्या सरासरीला ३५ आणि कुठल्याही क्षणी जास्तीत जास्त २०० अशी आहे. हा पोरगा तिथे सकाळपासून बसलेला.

दुपारनंतर त्याचं डोकं ठणकायचं, मळमळायचं. सुट्टीच्या दिवशी ठणठणीत. यावरून तंदूरवाल्या उस्तादांनी त्याला कामचुकार ठरवून टाकलं होतं. खरं तर सुट्टीला बरं वाटतं हीच मोठी खूण. दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ आलं, पित्ताची गोळी मिळाली. ते साधं यंत्र कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनवालंच समजून मोजतं. हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. खरं चित्र रक्ताच्या वेगळ्या तपासणीत दिसतं. डॉक्टरांनी "काम कुठे करतोस?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

त्या दिवशी तंदूर विझवला, दारं उघडली, पोराला परत तपासायला पाठवलं आणि चिठ्ठीवर वायूचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

पुढचं काम सोपं वाटतं, पण नाही. भिंतीत झरोका पाडला की गार वारा थेट हातांवर येतो, आणि दुसऱ्याच दिवशी पोरंच त्यात पोतं कोंबतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पहाटे पाच-सहा डिग्रीत ओल्या हातांनी कणीक मळायची असते. हवा गरम करून सोडायची तर खर्च ब्लोअरच्याही वर जातो. शेवटी ताज्या हवेचा डक्ट वरून, हूडच्या कडेला आणायचा ठरवलं, म्हणजे गारठा बराचसा तिथल्या तिथेच ओढला जाईल. ब्लोअर आणि या डक्टचा पंखा, दोन्ही एकाच स्टार्टरवर. एक बंद तर दुसराही बंद. तंदूरच्या चिमणीला वेगळा पंखा.

मालकांना या वायूचा अलार्म गल्ल्याजवळ हवा होता, "मला ऐकू आला पाहिजे" म्हणून. मी तो बोळात, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला लावला. डक्टचं कोटेशन देऊन आलोय. "लग्नसराई आटपू दे," म्हणाले. तोवर तंदूर अंगणात ठेवायचा, असं त्यांच्याकडून लिहून घेतलंय; उस्ताद मात्र थंडीवरून रोज फोन करून मलाच शिव्या देतात.