दूध उतू गेलं तेव्हा

गेल्या महिन्यात रजेवर ठाण्याला आले होते. नौपाड्यातल्या घरी खालच्या मजल्यावरच्या आंटी आईकडे बसायला आल्या होत्या. मी चहाला दूध ठेवलं, गप्पांच्या नादात ते उतू गेलं आणि माझ्या तोंडून फाडकन निघालं, "ताबारनाक!"

आईला काही कळलं नाही. आंटी मात्र गप्प झाल्या. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक, घरची भाषा मराठीच. दर रविवारी तलावपाळीच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये मिस्साला जायचा त्यांचा नेम मी लहानपणापासून पाहत आले आहे. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय गो म्हणालीस? टॅबरनॅकल?"

सांगावंच लागलं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलला माझी सहा वर्षं झाली. तिथले फ्रेंच बोलणारे लोक चिडले की चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं घेतात. ताबारनाक म्हणजे वेदीजवळची ती छोटी पेटी, कालिस म्हणजे द्राक्षारसाचा पेला, ऑस्ती म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून जिभेवर घेतात ती पातळ चकती. फारच संताप झाला तर तिन्ही एकापाठोपाठ एक. बस चुकली, बर्फात पाय घसरला, कॉम्प्युटर बंद पडला, की हेच. पॅरिसहून आलेल्या माणसाला या शब्दांचा काहीच दणका बसत नाही, त्याला ती नुसती चर्चमधली भांडीकुंडी वाटतात. क्वेबेकमध्ये मात्र ही खरीखुरी शिवी आहे. मुलांसमोर लोक ती बोथट करून 'ताबारनूश' म्हणतात. आपण शिवीचं 'च्यायला' करतो तसंच. इंग्रजीतलं 'गॉश' हेही 'गॉड' म्हणायचं टाळण्यासाठीच आलं.

आंटींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिकडची माणसं देवावर एवढी का रागावलीत?"

हा प्रश्न मला सहा वर्षांत सुचला नव्हता. राग होता, पण देवापेक्षा चर्चच्या सत्तेवर जास्त. क्वेबेकमध्ये शाळा, इस्पितळं, घरात मुलं किती व्हावीत इथपर्यंत सगळ्यावर चर्चचा हात होता. १९६० नंतर ती पकड सुटत गेली. सरकारचं स्वतःचं शिक्षण खातं आलं तेच मुळी १९६४ साली. ज्या शब्दांना लोक सगळ्यांत जास्त भीत होते, तेच त्यांनी शिव्या म्हणून वापरले. माझ्या ऑफिसातल्या तरुण मुलांनी चर्चची पायरीही क्वचितच चढली असेल, शब्द मात्र आजोबांकडून आलेत. कॅनडाने धर्मनिंदेचा गुन्हाही २०१८ मध्ये कायद्यातून काढून टाकला. तरी तिथे माझ्याच इमारतीत एक वृद्ध बाई आहेत, लिफ्टमध्ये कुणी ऑस्ती म्हणालं की त्या डोळे मिटून घेतात. ते मी पाहिलं होतं आणि विसरूनही गेले होते.

आईला यात गैर वाटेना. "अगं, जनाबाईनं विठोबाला विठ्या म्हटलंय, कारट्या म्हटलंय. आपल्या माणसावरच चिडतो ना आपण?" आपल्याकडे देवाचं नाव कधीही घ्यावं. ठेच लागली की 'अरे देवा', वाईट कानावर आलं की 'शिव शिव'. त्यात कुणाला पाप वाटत नाही, नाव घेतलं तेवढं पुण्यच. आपली शिवी आईबहिणीवर घसरते, आणि मला ती जास्त लागते. बाळाच्या कपाळावर नशीब लिहिणाऱ्या सटवाईवरून 'सटवी' ही बाईला द्यायची शिवी झाली, हे तर आपण पार विसरलोय.

आईचं म्हणणं खरं, पण ते मला लागू होत नाही. जनाबाईचा विठ्या तिचा होता. क्वेबेकच्या माणसाचा ताबारनाकही त्याचा आहे, त्याच्या आज्यांनी त्या पेटीपुढे गुडघे टेकले आहेत. मी तो शब्द नुसता उचलला, चार लोकांत आपलं वाटावं म्हणून. मी आंटींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं. रविवारी ये माझ्याबरोबर."

तलावपाळीला भेळ खात, गडकरीला नाटकं पाहत मी वाढले, त्या चर्चवरून शेकडो वेळा गेले, आत कधीच गेले नव्हते. मिस्सा संपल्यावर लोक बाहेर पडले, तशी आंटींनी मला पुढे नेलं आणि बोट दाखवलं. एक छोटी बंद पेटी, शेजारी तेवणारा लाल दिवा. "आत ख्रिस्तशरीर असलं की हा दिवा विझू देत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या आणि गुडघ्यावर बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात. उठताना त्यांनी माझा हात धरला.